शंभर वर्षं टिकणारी तबकडी

...नाही, पण मी म्हणते, लोणच्याच्या पिंपात कुणी डिस्क बुडवतं का? तुम्हीच सांगा! जरा सरकता का हो तिकडे... हं, बास बास. आज हौदात पाणी कढतच सोडलंय ह्या न्हाणीघरवाल्या मेल्यांनी. आणि त्या आमच्या शेजारच्या होरिउची-सान नाहीत ना आल्या? त्या खांबाआड बघा जरा. नाहीत ना? मग बोलते मोकळेपणी, कारण शेवटची गोष्ट त्यांच्याच कुंपणापाशी घडलीय.

तर काय सांगत होते, लोणचं! नोझावानाच्या पाल्याचं पिंप उघडलं, वरचा दगड उचलला, झाकण काढलं, पाल्यात कोपरापर्यंत हात घातला, तर हाताला लागतंय काय? गोल! गुळगुळीत! मी अशी किंचाळले, अशी किंचाळले... बाहेर ओढते तर डिस्क! ती गाण्याची, सिनेमाची असते ना, चकचकीत तबकडी, तीच! आणि माझी किंकाळी ऐकून आमचे हे धावत आले. आता माणूस काय विचारेल? 'लागलं का गं?' विचारेल की नाही? नाव नको! म्हणतात, "अगं ठेव, ठेव, परत आत ठेव! चाचणी चालू आहे तिची! दगड का हलवलास?" मी म्हटलं, "अहो, माझं लोणचं आहे ते!" तर म्हणतात, "खारट पाण्यात बघतोय मी तिला. काही होत नाही गं. शंभर वर्षं टिकते ही!"

शंभर वर्षं! हे शंभर वर्षं मी ऐकतेय ना, ते लग्न ठरल्यापासून. आमचे कियोहारु तुम्हाला ठाऊकच आहेत, जन्मभर त्या तळ्याकाठच्या कारखान्यात तबकड्याच केल्या. बाजारात मिळते ती नव्हे हो, तिच्या पुढची! आणि तिच्याही पुढची! मला बघायला आले तेव्हा मी चहा ठेवला पुढ्यात, तर चहाकडे बघत नाहीत, माझ्याकडे तर नाहीच नाही, बशी उचलली आणि उलटी करून म्हणतात, "एवढ्याशा तबकडीत अख्ख्या गावाचं ग्रंथालय मावेल. थरावर थर, थरावर थर. पुढच्या वर्षी येतेय. आणि टिकायला? शंभर वर्षं!" मी मनात म्हटलं, टिकाऊ वस्तू करणारा माणूस दिसतोय, संसारही टिकाऊच करेल. दिला होकार. आता आमची लेक मिहो तिकडे नागोयाला नोकरीला लागली, माझ्या डोक्यात काळा केस शोधावा लागतो, आणि ती तबकडी? पुढच्या वर्षी येतेय!

नाही आली हो. प्रयोगशाळाच बंद केली कंपनीने. घरात वापरतात त्या तबकड्याही करायच्या थांबवल्या. ह्यांची नोकरी संपली आणि तबकडीचीही संपली, एकाच वसंतात. घरी आले ते नमुन्यांचं खोकं छातीशी धरून. त्यात एक सोनेरी होती, ह्यांच्या हातची शेवटची. दुसऱ्या दिवशी मला घेऊन दुकानात गेले, तर जिथे तबकड्या असायच्या त्या फळीवर मोबाइलची कव्हरं! गुलाबी! सशाचे कान असलेली! उरल्यासुरल्या कोऱ्या तबकड्या कोपऱ्यात होत्या त्या उचलल्या, पैसे दिले, आणि मग काय केलं माहितीय? त्या रिकाम्या फळीला कमरेत वाकून नमस्कार केला. भर दुकानात! मला हसूही आलं आणि रडूही आलं, मी आपली सशाच्या कानांकडे बघत उभी राहिले.

पण हार मानतील तर ते आमचे हे कसले? घरी येऊन मला व्याख्यान! "बघच तू. आज सगळे आपलं सामान कुठल्या कुठल्या गोदामांतल्या यंत्रांवर ठेवतायत. ती यंत्रं दिवसरात्र घरघरतात, वीज खातात, त्यांना गार ठेवायला आणखी वीज! आणि चार-सहा वर्षांत म्हातारी झाली की सगळं उचलून दुसऱ्यांवर. जन्मभर बिऱ्हाड बदलत राहायचं! आणि तबकडी? लिहा, फडताळात ठेवा, विसरा. ना वीज, ना आवाज, ना कुरकुर! येतील सगळे परत. यावंच लागेल." मी म्हटलं, "ना कुरकुर? मग लग्न तिच्याशीच करायचं होतंत." तर त्यावर काय म्हणाले?

"हं."

हे 'हं' लक्षात ठेवा हां. ही आमच्या घरातल्या पुरुषांची परंपरा आहे. माझे सासरे, गेन्जिरो बाबा, देवमाणूस! पण बोलणं? सासूबाई, तोमे त्यांचं नाव, रोज सकाळी मिसोचं सूप पुढ्यात ठेवायच्या आणि विचारायच्या, "कसं झालंय?" बाबा म्हणायचे, "हं." खारट झालं, हं. अळणी झालं, हं. एकदा म्हणे त्या मिसो घालायलाच विसरल्या, नुसतं गरम पाणी आणि टोफू... हं! उभा जन्म त्या माउलीने एका शब्दासाठी वाट पाहिली.

आणि तो शब्द मिळाला कधी? बाबा जायच्या आदल्या हिवाळ्यात टीव्हीवाले आले होते ना आपल्या आळीत, रस्त्याने हिंडत दिसेल त्याच्याशी गप्पा मारणारे, आठवतं? तेव्हा बाबा अंगणात पर्सिमनची फळं सोलून वाळत घालत होते. ती पोरगी माइक पुढे करते, "आजोबा, एवढा संसार केलात, गुपित काय?" आणि आमचे बाबा, जे पोस्टमनशीसुद्धा मानेनेच बोलायचे, ते कॅमेऱ्याकडे बघून म्हणतात, "तोमेचं मिसोचं सूप... सगळ्या जगात त्याच्यासारखं नाही." आणि मग हळूच, आवाज खाली आणून, "तिला सांगू नका हं."

तिला सांगू नका! अख्ख्या जिल्ह्याला सांगितलं, फक्त तिला सांगू नका!

बाबा गेले, आणि मागोमाग सासूबाईंचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग वार, मग मी कोण ते. कधी मला नर्स समजतात, कधी धाकटी बहीण, मला आपलं सगळं चालतं. पण जेवणच सोडलं हो त्यांनी. सूप पुढे ठेवलं की तोंड फिरवायच्या. मग एका संध्याकाळी ह्यांनी सहज ते टीव्हीवालं रेकॉर्डिंग लावलं. बाबा दिसले, पर्सिमन दिसले, "तिला सांगू नका हं" झालं, आणि सासूबाईंचा चेहरा असा काही उजळला म्हणता! माझा हात धरून म्हणतात, "ऐकलंस? मला सांगू नका म्हणतोय! लबाड!" आणि घटाघटा सूप प्यायल्या. दुसऱ्या दिवशी सगळं विसरलेल्या. पुन्हा लावलं. पुन्हा पहिल्यांदाच ऐकलं! पुन्हा लाजल्या! मी म्हणते, असं नशीब कुणाचं असतं हो, नवऱ्याने रोज संध्याकाळी पहिल्यांदा कौतुक करावं? मी तर सूप घेऊन बाजूला उभी राहायची आणि रोज डोळे पुसायची. सूप मी केलेलं असायचं ते सोडा.

आता सगळा जीव अडकला त्या रेकॉर्डिंगमध्ये, कारण ते चुकलं की आई जेवत नाहीत. आणि ते ज्यात साठवलेलं होतं ते टीव्हीखालचं यंत्र लागलं खरखरायला. मिहो फोनवर म्हणाली, "बाबा, मोबाइल धरा टीव्हीसमोर आणि घ्या काढून, दोन मिनिटांचं काम." अरे देवा! ह्यांना जणू कुणी थोबाडीत मारली! "पडद्याचं चित्र? नकलेची नक्कल? मी जन्मभर तबकड्या केल्या, आणि माझ्या बापाला मोबाइलमध्ये कोंबू? त्यांना तबकडीवर ठेवीन मी. शंभर वर्षं!"

बरं, ठेवा! कोण नको म्हणतंय? पण तुम्हाला माहितीय ना आपल्याकडचा नियम, टीव्हीवरून घेतलेल्या कार्यक्रमाच्या नऊच नकला काढता येतात, आणि दहाव्यांदा काढली की मूळच तिकडून उचलून तबकडीवर जातं, यंत्रात मागे काही राहत नाही. शहाणा माणूस काय करेल? एक काढेल, दोन काढेल, एक बहिणीकडे ठेवेल. आणि आमचे हे? "फुसाए, आधी कळायला हवं कुठली तबकडी सगळ्यात टिकते. बाबांना साध्यासुध्या जागी ठेवायचं नाही. चाचणी घ्यायला हवी." मी म्हटलं, "मग घ्या ना, त्या सुमोच्या कुस्त्या पडल्यात रेकॉर्ड केलेल्या, त्या बुडवा." तर म्हणतात, "छे! बाबांचा चेहरा मला रेघन्‌रेघ पाठ आहे. कुठे एक ठिपका उडाला तरी मला कळेल. पैलवानाचं काय कळणार?"

आणि मग जे सुरू झालं ना माझ्या घरात! एक बाबा छपरावर उन्हात. एक बाबा न्हाणीत वाफेवर. एक बाबा बर्फाच्या कप्प्यात, माशांच्या शेजारी. कोतात्सूच्या उबदार मेजाखाली पाय घालावे तर तिथे एक बाबा शेकत बसलेले, मी रोज "माफ करा हां बाबा" म्हणून पाय बाजूला घ्यायची. एक धुण्याच्या यंत्रात माझ्या टॉवेलांबरोबर गरगर! एक पर्सिमनच्या झाडाला टांगलेले, वाऱ्यापावसात, म्हणे पक्षीही पळतील, दोन्ही कामं होतील. एक कुठे कपाटामागे कुबट जागी, एक मातीत पुरलेले... मेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा पुरलं हो! आणि एक लोणच्यात. मी म्हटलं, "अहो, जिवंतपणी बाबा कधी तळ्यापलीकडे गेले नाहीत, आता कुठे कुठे हिंडवताय त्यांना!" तर म्हणाले, "हं."

लोणच्यातलं मी काढलं, सांगितलंच मघाशी. ह्यांचं न ऐकता धुतलं, पुसलं आणि बश्यांच्या स्टँडमध्ये उभं करून ठेवलं. आठवडाभर माझ्याशी अबोला! तसं बोलत होतेच म्हणा कुठे.

नऊ नकला झाल्या. मग दहावी. मूळच उचलायचं, सोनेरी तबकडीवर, आणि ती देव्हाऱ्यात बाबांच्या फोटोपुढे ठेवायची. ह्यांनी स्वच्छ शर्ट घातला. उदबत्ती लावली. आईंना आणून बसवलं. बटण दाबलं. यंत्र म्हणालं खर्रर्र... खर्रर्र... खट्ट!

आणि गप्प.

दुरुस्तीवाला आला, चांगला पोरगा, मान खाली घालूनच बोलला. आतलं साठवणीचं चक्र गेलं, नवं बसवता येईल, पण त्यावरचं काही परत यायचं नाही. सोनेरी तबकडी कोरीच. टीव्हीवाल्यांना फोन केला, तर असले तुकडे बाहेर देत नाहीत म्हणे. आणि ह्यांच्या तोंडाकडे तर बघवेना. प्रयोगशाळा बंद झाली तेव्हासुद्धा इतके म्हातारे दिसले नव्हते.

संध्याकाळी सूप ठेवलं. आई काळ्या टीव्हीकडे बघत बसल्या. "आला नाही तो?" म्हणाल्या. मी म्हटलं, "येतील हं आई, सूप घ्या तोवर." तोंड फिरवलं. दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले पोटात काही गेलं नाही तर नळी घालावी लागेल. नळी! त्या बाईला, जिने जन्मभर दुसऱ्याला जेवू घातलं!

मग हे उठले. नऊ नकला होत्या ना, पण लावायला आमचं यंत्र कुठे धड होतं? होरिउचींकडून त्यांचं यंत्र मागून आणलं आणि सगळे बाबा गोळा केले. छपरावरचा बाबा लावला, यंत्राने ओळखच दाखवली नाही. वाफेवरचा, थुंकून टाकला. बर्फातला नुसताच निळा पडदा. कोतात्सूतला वाकलेला, आतच जाईना. टॉवेलांतला असा ओरखडलेला की बघायला नको. झाडावरचा कावळ्याने पळवला होता, नुसती दोरी लोंबतेय! पक्षी पळतील म्हणे! कपाटामागचा गेला, मातीतला गेला. एकेक तबकडी बाहेर काढताना हे हळूच म्हणायचे, "शंभर वर्षं..." मला वाटलं आता हे रडणार.

मी उठले, बश्यांच्या स्टँडमधून ती लोणच्यातली आणली, पुढे केली. ह्यांनी ती घातली. यंत्र घुमलं... घुमलं... आणि दिसले! बाबा दिसले हो! अंगण, पर्सिमन, ती माइकवाली पोरगी! आणि यंत्र तापलं तसा सगळ्या खोलीत लोणच्याचा वास सुटला. आईंनी नाक वर केलं, असं हुंगलं, आणि टीव्हीला म्हणतात, "काय रे, जेवायच्या आधीच लोणचं खाल्लंस होय?"

बाबा म्हणाले, "तोमेचं मिसोचं सूप..."

आणि अडकले! तोंड उघडं, हातात सोललेला पर्सिमन, जागच्या जागी! हे उठले, यंत्र थोपटलं, तबकडी पुसली, पुन्हा लावली. "तोमेचं मिसोचं सूप..." ठप्प! पुन्हा. ठप्प! ह्यांनी कपाळाला हात लावला. मी आईंकडे बघायलाच भ्यायले. त्यांना पुढचं काय ठाऊक, त्यांना तर सगळं रोज नवीन!

आणि सासूबाई म्हणतात, अगदी स्वच्छ आवाजात, बाबांसारखा घोगरा काढून, "सगळ्या जगात त्याच्यासारखं नाही. तिला सांगू नका हं!" आणि खुदकन हसल्या. "मला काय माहीत नाही होय? रोज तेच तर सांगतोस, मेल्या!" आणि दोन्ही हातांनी वाटी उचलून सूप तोंडाला लावलं.

ह्या बाईला माझं नाव आठवत नाही, वार आठवत नाही, आणि हे सगळं तिथे! मी टॉवेल घेतला तोंडाला आणि मनसोक्त रडले. हे भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

आता रोज तेवढंच लावतो. "तोमेचं मिसोचं सूप..." इतकं बाबा म्हणतात, पुढचं आई. आणि गंमत म्हणजे रोज त्यात भर! परवा म्हणाल्या, "आणि दिसायलाही बरी होती हो तरुणपणी." काल म्हणाल्या, "आणि तिच्या आईपेक्षाही हुशार!" बाबा मेल्यावर बोलके झालेत अगदी! आमचे हे कासावीस, "मूळ रेकॉर्डिंगमध्ये हे नाहीच! हे बाबा बोललेलेच नाहीत!" मी म्हटलं, "गप्प बसा. बोलायचं राहिलं होतं ते बोलतायत."

मग मला काय सुचलं कोण जाणे. मी ह्यांच्यापुढे वाटी ठेवली आणि विचारलं, "कसं झालंय?" सासूबाईसुद्धा वाटी खाली ठेवून लेकाकडे बघायला लागल्या. हे सूप प्यायले. वाटी ठेवली. घसा खाकरला. मला वाटलं आज काहीतरी...

"हं."

असो! पण थांबा, उठू नका, कुंपणाचं राहिलं ना! आमच्या यंत्रात नवं चक्र बसून आलं, म्हणून काल हे होरिउचींचं यंत्र परत द्यायला गेले. मी इकडे मागच्या अंगणात, कुंपणालगत, दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. होरिउची-सानचे यजमान म्हणतात, "ह्याला लोणच्याचा वास येतोय हो जरा." झालं, हे वाकताहेत, माफी मागताहेत, पुन्हा वाकताहेत, आणि नेलेलं लोणच्याचं पुडकं पुढे करून म्हणतात, "हे... हिनंच घातलंय. चांगलं असतं हिचं. आणि सूप तर... आईच्याही वरचढ करते." मी चादर तशीच तोंडासमोर धरून उभी! आणि मग, आवाज खाली आणून, बापाचाच आवाज हो, हुबेहूब, "तिला सांगू नका हं."

तर मला काही माहीत नाही. समजलं ना? मी काही ऐकलेलं नाही, तुम्हीही ऐकलेलं नाही, आणि होरिउची-सान आल्या तर आपण पाण्याबद्दल बोलत होतो. उद्या सकाळी मी सूप ठेवणार, विचारणार 'कसं झालंय?', आणि ते म्हणणार 'हं'. तबकडीचं काय ते पुढच्या वर्षी बघू... पण हे 'हं' मात्र शंभर वर्षं टिकतंय बघा!